अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाआधीची तीन वर्षे : लहान कारखान्यात जुन्या कारागिरांचे नियोजन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या तीस-चाळीस माणसांच्या शेडची हजेरी जन्मतारखेप्रमाणे लावून बघा. वरची सहा-आठ नावे साधारण १९६८ ते १९७२ मधली निघतील. यातच कारखान्याचा मुख्य फिटर असतो, कॉइल गुंडाळणारा वाइंडर असतो, आणि जुन्या लेथवर दोन शतकांश मिमीपर्यंतचे माप हाताने धरणारा टर्नरही असतो. येत्या चार-पाच वर्षांत ही सगळी माणसे अठ्ठावन्न ओलांडतील. पोर-रमणगामडी, वाघोडिया, मंजुसर, आसपासच्या कुठल्याही वसाहतीत जा, चित्र हेच आहे.

मालकांचे उपाय बहुधा दोनच. शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा, नाहीतर ‘काका, या तुम्ही अधूनमधून’ म्हणून सल्लागार करून खुर्ची द्यायची. पहिल्यात ज्ञान जाते. दुसऱ्यात पगार जातो आणि ज्ञान तिथेच राहते, कारण खुर्चीत बसून बेअरिंग बदलायला शिकवता येत नाही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हापासून या शहरात हातकामाचे शिक्षण आहे. तरी जाणाऱ्या कारागिराकडून शिकून घ्यायची व्यवस्था फार थोड्या शेडमध्ये दिसते.

खालची पद्धत वीस ते शंभर माणसांच्या यंत्रकाम, फॅब्रिकेशन, पंप, व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यासाठी आहे. हिच्यात पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात होते. सत्तावन्न उलटल्यावर सुरू केले तर निम्मे काम हातातून सुटते.

आधी कामांची यादी, माणसांची नंतर

एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यात कामे लिहा. ‘मेंटेनन्स’ असे ढोबळ लिहू नका. ‘पंपाचे बेअरिंग बदलणे’, ‘जुन्या हायड्रॉलिक प्रेसचे सील बसवणे’, ‘व्हॉल्व्हची सीट लॅप करणे’, ‘एलटी (कमी दाबाची) कॉइल गुंडाळणे’ असे लिहा. चाळीस माणसांच्या शेडमध्ये अशी साठ ते ऐंशी कामे निघतात. आडव्या ओळीत माणसांची नावे घाला आणि प्रत्येक चौकोनात ० ते ४ आकडा भरा. ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे शेजारी कोणी असेल तर येते, २ म्हणजे एकट्याला येते, ३ म्हणजे बिघाड निघाला तरी निभावतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो.

आकडे मालकाने एकट्याने ठोकू नयेत. सुपरवायझर, तो कारागीर आणि त्याच्या हाताखालचा पोरगा अशा तिघांना वेगवेगळे विचारा. तिघांचे आकडे जुळत नाहीत त्या चौकोनांकडे आधी बघायचे. सुपरवायझर ३ म्हणतो आणि कारागीर स्वतः २ म्हणतो, असे झाले तर कारागिराचे धरा.

आता ज्या ओळीत ३ किंवा ४ एकाच नावासमोर आहे ती ओळ लाल करा. लाल ओळींतही क्रम लावायचा आहे. ते काम थांबले तर उत्पादन किती तास अडते, आणि त्या माणसाला अठ्ठावन्न व्हायला किती महिने उरलेत, हे दोन आकडे शेजारी लिहा. वर्षातून एकदा लागणारे पण लागले की तीन दिवस शेड बंद पाडणारे काम इथे वर येते, आणि रोजचे काम बरेचदा खाली जाते. हे अनेकांना उलटे वाटते, पण रोजचे काम पोरांनी नुसते बघून बघूनही उचललेले असते.

पहिल्या वर्षी पाच-सहा लाल ओळींच्या पुढे जाऊ नका.

एक काम कागदावर कसे उतरवायचे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमधली अनुभवी माणसे सैन्यात गेली आणि नवख्यांना भराभर तयार करावे लागले. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या नावाने एक पद्धत बसवली गेली. तिच्यातला कामाच्या फोडीचा कागद आजही याहून चांगला सापडत नाही. मूळ कागदात पायरी आणि हातखंड्याची गोष्ट असे दोन रकाने होते; तिसरा, कारणाचा, पुढे जोडला गेला. पायऱ्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळतात. कारागिराची किंमत मधल्या रकान्यात आहे. तिसरा रकाना नसेल तर पोरगा मधली गोष्ट चार महिन्यांत सोडून देतो.

पंपाचे बेअरिंग बदलणे हे काम घेऊ.

खोलण्याआधी कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर पंचची खूण करायची आणि प्रत्येक पायाखाली किती शिम (उंची जुळवायचे पातळ पत्रे) आहेत ते लिहून ठेवायचे, कारण परत बसवताना तेच माप हाताशी हवे. जुने बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून त्याची धाव बघायची. गोळ्या एका बाजूला चढल्याच्या खुणा असतील तर दोष बेअरिंगचा नाही, अलाइनमेंटचा किंवा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या जोराचा आहे. नवे बेअरिंगही तसेच जाईल. शाफ्टची बैठक मायक्रोमीटरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायची, एकाच मापाने लंबगोलपणा कळत नाही.

नवे बेअरिंग शाफ्टपेक्षा साधारण ८० ते ९० अंश जास्त गरम करायचे, पण १२० अंश सेल्सिअसच्या वर न्यायचे नाही. त्यापुढे पोलादाचे माप आणि कडकपणा बिघडू लागतो. गॅसची ज्योत लावायची नाही, ती एकाच जागी जास्त तापवते. तेलात तापवत असाल तर बेअरिंग तारेने लटकवायचे, तळाला टेकू द्यायचे नाही, तळ तेलापेक्षा गरम असतो. शाफ्टवर चढल्यावर हात काढून घ्यायचा नाही. गार होईपर्यंत खांद्याला दाबून धरायचे, कारण गार होताना बेअरिंग रुंदीतही आकसते आणि खांद्याशी फट पडते. ही शेवटची गोष्ट मधल्या रकान्यातली आहे. कित्येक हुशार डिप्लोमावाल्यांना ती माहीत नसते आणि जुन्या फिटरला ती सांगण्यासारखी वाटत नाही.

ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच भरायचे. ठासून भरले की ते घुसळून तापते. मोटार बसवताना एकेका पायाचा बोल्ट सैल करून डायलवर बघायचे. पाय ०.०५ मिमीहून जास्त उचलला तर आधी तिथे शिम, मग अलाइनमेंट. उलट क्रमाने केले तर अलाइनमेंट दोनदा करावी लागते. चालू केल्यावर तासभर दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचे. ते चढून एका जागी थांबले तर ठीक. चढतच राहिले तर बंद करा.

असा कागद कारागिराला ‘लिहून द्या’ सांगून मिळत नाही. तो काम करत असताना दुसऱ्याने लिहायचा. दर पायरीला दोनच प्रश्न विचारा : ‘इथे नवा माणूस काय चुकतो?’ आणि ‘चुकले हे तुम्हाला कशावरून कळते?’ दुसऱ्या प्रश्नाला आवाज, वास, हाताला लागणारी थरथर, धातूच्या चिपचा रंग अशी उत्तरे येतात. ती त्याच्याच शब्दांत ठेवा. ‘आवाज बदलतो’ हे निरुपयोगी आहे. ‘सुकी शिट्टी आली तर ग्रीस, कटकट आली तर गोळी’ हे उपयोगी आहे. एका कामाला असे दोन फेरे लागतात, कारण पहिल्या फेरीत माणूस जरा शहाण्यासारखे काम करतो. खऱ्या सवयी दुसऱ्या फेरीत दिसतात.

मोबाइलवर तीन ते पाच मिनिटांचे तुकडे चित्रित करा, चेहऱ्याऐवजी हात दिसतील असे. तासाभराचा व्हिडिओ कोणी उघडत नाही. तुकड्याचे नाव कामाच्या नावानेच ठेवा.

बडोद्याची खास अडचण भाषेची आहे. शिकवणारे काका घरी मराठी, शेडमध्ये मराठीमिश्रित गुजराती. शिकणारा पोरगा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा. सगळे हिंदीवर भागवतात आणि बारकावा तिथेच गळतो. म्हणून कागद काका ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत आधी लिहावा, मग त्यांना विचारून हिंदी किंवा गुजराती करावा. थेट हिंदीत लिहून घेतले की वाक्ये गुळगुळीत होतात आणि हातखंड्याचा रकाना रिकामा राहतो.

शिकवण्याचे तास आणि त्यांचे पैसे

‘काम करता करता शिकव’ असे सांगितले की कोणी शिकत नाही. आठवड्यात दोन दिवस, सकाळी दहा ते बारा अशी वेळ ठरवा. त्या दोन तासांचे उत्पादनाचे टार्गेट दोघांच्याही नावावरून कमी करा. इन्सेंटिव्ह पीसवर असेल तर हे फारच महत्त्वाचे, कारण पीस सोडून शिकवणे म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक पाडणे.

प्रत्येक कामाला शिकवणीचे चार टप्पे ठेवा. आधी काका बोलत बोलत करून दाखवतात. मग पोरगा करतो आणि प्रत्येक पायरीचे कारण मोठ्याने सांगतो. कारण अडले की काम थांबवायचे. तिसऱ्यांदा तो करतो आणि काका गप्प. शेवटी काका त्या दिवशी शेडमध्येच नाहीत, फक्त फोनवर. हा चौथा टप्पा बहुतेक ठिकाणी कधीच होत नाही. मग निवृत्तीनंतरच्या पहिल्या बिघाडाला रात्री नऊ वाजता रिक्षा पाठवून काकांना बोलवावे लागते. दर लाल ओळीसाठी एक आठवडा असा ‘काका रजेवर’ आठवडा मुद्दाम ठेवा. उत्तरायण किंवा नवरात्रात ठेवू नका, तेव्हा निम्मी तरुण पोरे आधीच गायब असतात. छठला बिहारची पोरे गावी जातात. या दिवसांत शेड जुन्या स्थानिक माणसांवरच चालते, हे पगारवाढीच्या वेळी आठवायला हरकत नाही.

कारागीर हातचे राखतो ही तक्रार खरी आहे, पण तिचे कारणही खरे आहे. शिकवून झाले की आपली गरज संपली, हे त्याला दिसते. त्यामुळे शिकवणी सुरू करण्याआधी त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नोकरीचे कागद त्याच्या हातात पडले पाहिजेत. तोंडी भरवशावर कोणी आपली विद्या देत नाही. शिकवणी भत्ता दिलेल्या तासांवर ठेवू नका. शिकणारा चौथा टप्पा पार करील तेव्हा एकरकमी द्या, थोडा वाटा शिकणाऱ्यालाही. शिकणारे दोन निवडा. एकच निवडला तर सहा महिन्यांत तो दोन हजार जास्त मिळतात म्हणून हालोलला जातो.

काम माणसाच्या बेताचे करणे

२००७ साली बीएमडब्ल्यूने जर्मनीतल्या डिंगॉल्फिंग कारखान्यात गिअरबॉक्सच्या एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची माणसे बसवली, म्हणजे दहा वर्षांनंतर संपूर्ण कारखान्याचे जे सरासरी वय होणार होते ते. कामगारांनीच सुचवलेले सत्तरच्या आसपास छोटे बदल केले : लाकडी फरशी, टेकायला खुर्च्या, भिंगे, पडद्यावर मोठी अक्षरे, कामाची अदलाबदल. खर्च साधारण ४०,००० युरो झाला आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. त्यातले निम्म्याहून जास्त बदल मकरपुऱ्यात काही हजारांत होतात.

उजेडापासून सुरू करा. साठीच्या डोळ्याला विशीच्या डोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. मोबाइलच्या लक्स ॲपने टेबलावर, यंत्राच्या टूलपाशी आणि मोजमापाच्या जागी माप घ्या. अंदाजापुरते ते पुरते. सर्वसाधारण बेंचवर किमान ३००, बारीक यंत्रकामाला ५०० ते ७५०, तपासणीला १००० लक्सच्या आसपास हवे. जुन्या शेडमध्ये छतावरचे दिवे पंधरा फुटांवर आणि धुळीने माखलेले असतात. ते आधी पुसा, मग नवे घ्या. छतावर दिवे वाढवण्यापेक्षा यंत्रावर मान वळणारा २४ व्होल्टचा दिवा स्वस्त आणि चांगला. लुकलुकणारे हलके एलईडी लेथवर लावू नका. फिरता चक थांबल्यासारखा भासतो आणि हात आत जातो.

चष्म्याबद्दल बहुतेक ठिकाणी चूक होते. बायफोकलचा खालचा भाग वर्तमानपत्र वाचायच्या अंतराचा, ३५-४० सेंटीमीटरचा असतो. लेथची डायल ६०-७० सेंटीमीटरवर असते आणि पॅनेल डोक्याच्या वर. मग माणूस मान मागे टाकून खालच्या काचेतून वर बघतो आणि संध्याकाळी मान धरते. टेप घेऊन डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर मोजा, ते चिठ्ठीवर लिहून नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा आणि त्या अंतराच्या नंबरचा पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा कारखान्याच्या खर्चाने करा. एका वाया गेलेल्या कास्टिंगच्या पैशांत तो होतो. मायक्रोमीटर डिजिटल घ्या. ड्रॉइंग ए-४ ऐवजी ए-३ वर छापा.

टेबलाची उंची कोपरावरून ठरते. माणूस सरळ उभा, हात काटकोनात, जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्या. कोपर १०० सेंटीमीटरवर असेल तर जुळणीचे टेबल ८५ ते ९०, जोराचे काम ७० ते ८०, आणि डोळ्याजवळ धरायचे बारीक काम १०५ ते ११० वर. बेंच-व्हाइसचा जबडा कोपराच्या पातळीत, हे आयटीआयत शिकवतात आणि शेडमध्ये विसरतात. टेबल उंच असेल तर पायाखाली लाकडी पाट द्या, पण तो माणसाच्या पावलांहून बराच मोठा हवा. लहान पाटावरून पाय घसरतो.

सिमेंटच्या फरशीवर आठ तास उभे राहणे गुडघ्यांचे खरे शत्रू आहे. १५ ते २० मिमी जाडीची, तेल न शोषणारी, कडा उतरत्या असलेली रबरी मॅट घ्या. जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा टाकला तर कडेला ठेच लागते, तो नसलेला बरा. टेकून उभे राहता येईल असा उंच स्टूल शेजारी असावा.

उचलण्यासाठी अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या सूत्रात उत्तम परिस्थितीतली कमाल मर्यादा २३ किलो आहे. उत्तम परिस्थिती म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, अंग न वळवता. आपल्याकडे जमिनीवरून, हात लांब करून, वळून उचलतात, म्हणजे मर्यादा त्याच्या निम्म्यावर येते. चक, फ्लँज, गिअर प्रत्यक्ष वजनकाट्यावर ठेवून त्यांच्यावर रंगाने किलो लिहा. लेथवर चक बदलायला बेडच्या मापाचा लाकडी पाळणा करून घ्या : चक त्यावर ठेवून सरकवत न्यायचा. कमर वाचते, बोटे वाचतात आणि बेडवर चरे पडत नाहीत. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो, तरी दहापैकी नऊ शेडमध्ये तो नसतो.

उन्हाळा आणि रात्रपाळी

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. वाढत्या वयात तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचा वेग दाबून ठेवतात. दोन्हींमुळे अंगाला उष्णता बाहेर टाकणे जड जाते. ‘पाणी ठेवले आहे, पीत जा’ एवढ्यावर सोडू नका. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिली, हे घड्याळावर चालले पाहिजे. वेल्डिंग, ओव्हन आणि ढलाईची कामे सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत संपवा. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने ते डॉक्टरला विचारूनच रोज प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले आहे, तर सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. घाम थांबण्याची वाट बघू नका, घाम येत असतानाही उष्माघात होतो.

रात्रपाळी पन्नाशीनंतर झोपेला झेपत नाही. पूर्ण बंद करता येत नसेल तर पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवा, उलट नको. इन्सुलिन घेणाऱ्याला रात्रपाळी डॉक्टरच्या लेखी होकाराशिवाय देऊ नये. आणि कोणालाही, कुठल्याही वयात, शेडमध्ये एकटे ठेवू नये.

तपासणी, आणि अहवाल कोणाचा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ४० वर्षांवरील कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणीची तरतूद आणली आहे. ती उरकल्यासारखी करू नका. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), जवळची व लांबची नजर, वायरिंगवाल्यांची रंगदृष्टी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि ईसीजी हवे. ग्राइंडिंग व फेटलिंगवाल्यांना फुप्फुसाची फुंकर तपासणीही. गोंगाटाने बहिरेपणा येतो तो ४००० हर्ट्झपाशी सुरू होतो. तिथे खड्डा दिसला की कानबोळे आणि जागाबदल, दोन्ही लगेच.

अहवाल कामगाराच्या हातात जायला हवा. मालकाकडे फक्त एक ओळ यावी : कामास योग्य, किंवा या मर्यादांसह योग्य. साखरेचा आकडा ऑफिसात फिरला की पुढच्या वर्षी माणसे तपासणीच्या दिवशी रजा टाकतात आणि चक्कर यंत्रावर येते.

शिडी, पत्र्याचे छप्पर, फोर्कलिफ्ट, क्रेन ही कामे वयाच्या आकड्यावर काढून घेऊ नका, तपासणीवर काढा. जुन्या माणसाला अपघात कमी होतात. पण झाला तर तो जबर असतो आणि भरून यायला महिने लागतात. त्यामुळे पडण्याच्या जागा आधी दुरुस्त करा : पायऱ्यांच्या कडा पिवळ्या, पावसाळ्यात दाराशी ओल टिपणारी मॅट, तेलाच्या थेंबाखाली ट्रे.

सीएनसीवर जुना टर्नर

जुन्या टर्नरला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे यंत्र, जमणार नाही हे आधीच ठरवून टाकतात. वास्तविक धातू कसा कापला जातो हे त्याला पोरापेक्षा जास्त कळते, अडते ते पडद्यावर. वर्ग नको; यंत्रावर, रोजच्या जॉबवर, ४५ मिनिटांची बैठक आठवड्यात तीनदा. पहिल्या दोन आठवड्यांत प्रोग्रॅम शिकवू नका, फक्त टूल ऑफसेट आणि वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची आणि झिजेची दुरुस्ती. एक घोळ हमखास होतो : बऱ्याच हातलेथवर क्रॉस स्लाइडची डायल त्रिज्या दाखवते, ०.०२ दिले की व्यास ०.०४ ने कमी होतो. सीएनसी लेथवर एक्स बहुधा व्यासात असतो, ०.०४ दिले की व्यास ०.०४ नेच कमी होतो. हे पहिल्याच दिवशी कागदावर काढून दाखवले नाही तर तो दोन जॉब बिघडवतो आणि पुन्हा यंत्राजवळ येत नाही. दुसरा नियम : कीबोर्डला शिकणाऱ्याचाच हात लागेल. तरुण ऑपरेटर ‘लाओ काका, मैं कर देता हूँ’ म्हणून बोट घालतो तिथे शिकणे संपते.

कागदपत्रे : पंचावन्नपासून

आधी एक गैरसमज. ५८ हे कर्मचारी पेन्शन योजनेचे वय आहे. निवृत्तीचे वय नेमणूकपत्रात किंवा लागू असलेल्या स्थायी आदेशांत असते, आणि दोघांच्या संमतीने माणूस पुढेही राहू शकतो.

५५ व्या वर्षी आधार, पीएफ आणि शाळेचा दाखला यांतल्या जन्मतारखा आणि नावाचे स्पेलिंग जुळवा. या पिढीत बऱ्याच जणांची तारीख शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून असते. फरक असेल तर जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि मालक दोघांचा दुरुस्तीचा अर्ज) लगेच करा. आधीच्या नोकऱ्यांची पीएफ खाती एका यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) आणा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि ती बहुधा अशाच विखुरलेल्या खात्यांत अडकलेली असते. ई-नॉमिनेशनही तेव्हाच.

५८ पूर्ण झाले की मालकाच्या वाट्यातला पेन्शनचा हिस्सा थांबतो. १५,००० च्या वेतनमर्यादेवर मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जात होते, आता पूर्ण १,८०० पीएफमध्ये जातात. पीएफला वयाची मर्यादा नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदलायचे राहून जाते, दोन वर्षे चुकीचा हिस्सा भरला जातो आणि पेन्शनचा दावा तिथे अडतो. त्या महिन्यापासून ईसीआरमध्ये (पीएफच्या मासिक विवरणात) पेन्शनचे वेतन शून्य दाखवा. नोकरी चालू असतानाही माणूस १०-डी हा अर्ज भरून पेन्शन सुरू करू शकतो; ६० पर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे : शेवटचे वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. २२,००० वेतन आणि २८ वर्षे असतील तर ३,५५,३८५ रुपये. कमाल मर्यादा २० लाख. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. पुढे ठेवायचे असेल तर दोन मार्ग : सेवा अखंड चालू ठेवणे, किंवा हिशेब पूर्ण चुकता करून मुदतीच्या करारावर नवी नेमणूक. नव्या संहितेत मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागते, तेव्हा ती खर्चात धरा. ‘कन्सल्टंट’ म्हणून दहा टक्के टीडीएस कापायचा आणि रोज आठ तास पंच मारायला लावायचा, हा तिसरा मार्ग टाळा. हजेरी, हुकूम आणि वेळ तुमची असेल तर तो कामगारच ठरतो, आणि मागील पीएफ व्याजासह भरावा लागतो.

ईएसआयत (कामगार राज्य विमा योजनेत) असलेला माणूस निवृत्त झाला आणि त्याची किमान पाच वर्षांची विमापात्र नोकरी असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि पत्नीला उपचार चालू ठेवता येतात. हे निरोपसमारंभात कोणी सांगत नाही. फॉर्म भरून त्याच्या हातात द्या. पगार २१,००० च्या वर, म्हणजे ईएसआयच्या मर्यादेबाहेर असेल तर गट अपघात विमा बघा आणि त्या पॉलिसीत वयाची वरची अट काय आहे ते आधी वाचा.

करारात तास लिहिताना घराचा रस्ता धरा. दांडिया बाजार किंवा वाडीतून मंजुसरला रोज चार तासांसाठी येणे म्हणजे चार तास काम आणि दोन तास बस. त्यापेक्षा आठवड्यात तीन पूर्ण दिवस, सकाळची पाळी, ओव्हरटाइम नाही, असे ठेवले तर माणूस टिकतो. करारात दोन गोष्टी नावानिशी लिहा : कोणती लाल ओळ कोणाला शिकवायची, आणि यंत्र थांबवायचा अधिकार कोणाचा. दुसरी लिहिली नाही तर पंचविशीतला सुपरवायझर आणि साठीतला फिटर यांच्यात पहिली ठिणगी तिथेच पडते. साधी वाटणी चालते : धोका दिसला तर फिटर थांबवील, पुन्हा चालू करायचे ते सुपरवायझर सहीने ठरवील. मुदत एका वर्षाची, आणि दर सहा महिन्यांनी तोच मोठा कागद काढून आकडे पुन्हा भरा. लाल ओळ संपली असेल तर पुढच्या कराराआधी कारागिराला दुसरी ओळ दाखवा, किंवा दोन महिने आधी स्पष्ट सांगा की आता नूतनीकरण नाही.